जडवस्तू क्रमांक नसलेला माणूस

सर्वसाधारण बदल्या एप्रिल किंवा मे महिन्यात कराव्यात, असे महाराष्ट्राच्या 2005 च्या बदली अधिनियमात म्हटले आहे. कर्मचाऱ्यांच्या मुलांची शाळा बुडू नये, हा हेतू त्यामागे असावा आणि तो स्तुत्यच आहे. परंतु त्यामुळे राज्यातला बदलून आलेला जवळजवळ प्रत्येक माणूस नव्या कार्यालयात पोहोचतो तो ऐन उन्हाळ्यात, पंख्याखालच्या सर्व जागा आधीच अडवल्या गेलेल्या असताना. मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य लिपिक म्हणून गेलो, तेव्हा पंख्याची गोष्ट लांबच राहिली, मला खुर्चीच मिळाली नाही.

रुजू होणे अगदी सोपे असते. ‘आज मध्यान्हपूर्व हजर झालो आहे, रुजू करून घ्यावे, ही विनंती’ एवढे लिहून दिले की आवक शाखेचा शिक्का बसतो. माझ्याही अर्जावर शिक्का बसला. मी मात्र उभाच होतो.

माझे पूर्वाधिकारी कार्यमुक्त झाले त्याच दिवशी त्यांची खुर्ची शेजारच्या लेखा शाखेने नेली होती आणि लेखा शाखेची एका हाताची खुर्ची आस्थापना शाखेने. अशा स्थलांतरांना शासन निर्णय लागत नाही आणि त्यांत कोणाची गैरसोयही पाहिली जात नाही. माझ्या मेजामागे उरले होते एक लोखंडी स्टूल. त्यावर पूर्वी पाण्याचा माठ असे आणि तो हलवल्याबद्दल शिपाईमामा माझ्याकडे अजून नाराजीने पाहतात.

मी भांडारपालांना भेटलो. त्यांनी अतिशय आदराने बसायला सांगितले, कारण त्यांच्याकडे खुर्च्या होत्या. खुर्चीसाठी मागणीपत्र लागेल, मागणीपत्रावर कार्यभार घेतलेल्या मुख्य लिपिकाची सही लागेल आणि कार्यभार यादी, म्हणजे पूर्वाधिकाऱ्याने सोपवलेल्या कागदांची व वस्तूंची यादी, पूर्ण झाल्याखेरीज कार्यभार घेतला असे म्हणता येणार नाही, हे त्यांनी मला सांगितले. यादी अडली होती कपाटाच्या किल्लीवर आणि किल्ली पूर्वाधिकाऱ्यांच्या खिशातून थेट त्यांच्या नव्या जिल्ह्यात गेली होती. ती कुरिअरने आली, तोवर मी स्टुलावर बसून शाखेचे कामकाज पाहिले. पाठ टेकता येत नसल्यामुळे त्या काळात मी फार कार्यतत्पर दिसत असे, असे नंतर कानावर आले.

कपाट उघडले तेव्हा कार्यभार यादीतल्या ‘प्रलंबित प्रकरणे : निरंक’, म्हणजे एकही नाही, या नोंदीचा अर्थ मला कळला. सहा गठ्ठे पद्धतीनुसार चालू, प्रतीक्षाधीन, नियतकालिके (ठरावीक मुदतीने पाठवायची विवरणपत्रे), स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे असे कागद वेगवेगळे बांधायचे असतात. पूर्वाधिकाऱ्यांनी या सर्वांचा समन्वय साधून एकच गठ्ठा बांधला होता आणि तो कपाटाच्या दाराला इतका घट्ट टेकला होता की दार उघडताच प्रलंबित प्रकरणे स्वतःहून माझ्या पायांशी आली. वर्षभरानंतर नष्ट करावयाचे ‘ड’ वर्गातले कागद त्यात सर्वांत नीट जपलेले होते.

पगाराचे फार सांगत नाही. जुन्या कार्यालयाने सेवार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीतून सोडल्याशिवाय नवे कार्यालय घेऊ शकत नाही आणि अंतिम वेतन प्रमाणपत्र आल्याशिवाय देयक निघत नाही, एवढे म्हटले की जाणकार सुस्कारा सोडतात. चहाची वर्गणी मात्र पहिल्याच दिवशी घेण्यात आली. तिच्यासाठी कोणत्याही प्रमाणपत्राची अट नव्हती.

डब्याचा प्रश्न अधिक नाजूक होता. दुपारी एक ते दोन या वेळेत फार तर अर्धा तास जेवायला मिळतो आणि तेवढ्यात कोणी कोणाशेजारी बसायचे, याची सेवाज्येष्ठता यादी कुठेही प्रसिद्ध न होता काटेकोरपणे पाळली जाते. मी रिकाम्या दिसलेल्या जागी डबा उघडला, तेव्हा सर्वांचे घास थांबले. ती जागा रजेवर असलेल्या एका बाईंची होती. शेवटी मला ठेच्याच्या बरणीजवळची जागा देण्यात आली. ती कोणालाच नको असते, कारण तिथे बसणाऱ्याला जेवण सोडून बरणी पुढे करत राहावे लागते.

पावसाळा सरता सरता खुर्ची आली. चाके पाचपैकी चार, पण पाठ शाबूत. तिच्या पाठीवर पांढऱ्या रंगात क्रमांक होता, म्हणून मी उत्साहाने जडवस्तू नोंदवही, म्हणजे कार्यालयातल्या खुर्च्या-कपाटांसारख्या टिकाऊ वस्तूंची वही, मागवली. त्या क्रमांकासमोर लाल शाईत नोंद होती : ‘निर्लेखित. लिलावात विक्री.’ म्हणजे मी ज्या खुर्चीत बसून ती नोंद वाचत होतो, ती खुर्ची शासनाच्या लेखी कार्यालयात नव्हतीच.

मी नोंदवही भांडारपालांपुढे धरली. त्यांनी चष्मा काढला, खुर्चीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि नोंदवही मिटली.

“भाऊसाहेब, तुम्ही खुशाल बसा,” ते म्हणाले. “फक्त तपासणीच्या दिवशी जरा उभे राहत जा.”