‘क्लेम नाकारला की विषय संपला’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. ‘विमा कंपनीने क्लेम नाकारला तर इर्डाकडे तक्रार करून वेळ घालवू नका’ अशी त्याची सुरुवात. पुढचं म्हणणं थोडक्यात असं: इर्डा, म्हणजे विमा नियामक, तक्रार वाचतही नाही, जिच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच कंपनीकडे पाठवून देते. विमा लोकपालाचा, म्हणजे क्लेमच्या वादाचा निवाडा करणाऱ्या अधिकाऱ्याचा, खर्च कंपन्याच करतात, मग तो ग्राहकाच्या बाजूने निकाल देईलच कसा? वकिलाशिवाय तिथे कुणी उभं करत नाही. ‘आधीचा आजार लपवला’ असा शिक्का बसला की देवसुद्धा वाचवू शकत नाही. निकाल लागला तरी कंपनी मानत नाही. आणि एकदा लोकपालाकडे गेलात की ग्राहक न्यायालयाचं दार बंद. तळाला एक मोबाइल नंबर: ‘आम्ही क्लेम मिळवून देतो, पैसे आल्यावरच टक्केवारी.’

ग्राहकांना तक्रारअर्ज लिहायला मदत करणाऱ्या एका केंद्रावर मी बसतो. हा मेसेज उघडून फोन पुढे करणारी माणसं आता नेहमीची झाली आहेत. मेसेज धादांत खोटा असता तर काम सोपं होतं. त्यात थोडं खरं कालवलंय, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘इर्डा तक्रार त्याच कंपनीकडे पाठवते.’

पाठवते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. इर्डा, म्हणजे १९९९ च्या कायद्याने आलेलं आणि हैदराबादेत मुख्यालय असलेलं विमा नियामक प्राधिकरण. तुमच्या क्लेमचा निवाडा करणं हे त्याचं कामच नाही. क्रिकेटचे नियम मंडळ ठरवतं आणि आउट की नॉट आउट ते मैदानावरचा पंच सांगतो, तसा हा मामला आहे. पंचाचं काम विमा लोकपालाकडे आहे. मेसेज लिहिणाऱ्याने मंडळाकडे अपील केलं आणि बोट वर गेलं नाही म्हणून सामनाच फिक्स असल्याचं जाहीर केलं.

मग इर्डाकडे जायचं कशाला? ‘बीमा भरोसा’ या तिच्या पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली की तिला क्रमांक मिळतो आणि कंपनीचं घड्याळ सुरू होतं. दोन आठवड्यांच्या आत तिला उत्तर द्यावं लागतं, आणि ते दिलं की नाही हे नियामकाला दिसतं. कॉल सेंटरवरच्या मुलीला तुम्ही वीस वेळा फोन केलात तरी तुमची फाइल कुणी नव्याने उघडत नाही. ‘बीमा भरोसा’वरून आलेली तक्रार मात्र कंपनीच्या तक्रार निवारण यंत्रणेपुढे जाते, आणि तिथे कुणाला तरी ती फाइल वाचून लेखी कारण द्यावं लागतं. कागद मिळाला नाही म्हणून अडकलेले क्लेम, चुकीच्या खात्यात गेलेले पैसे, विनाकारण कापलेली रक्कम, पत्ता न बदलल्याने रखडलेली मॅच्युरिटी, अशी कामं पुष्कळदा याच टप्प्यावर सुटतात. खरा वाद असेल तर कंपनी जुनंच उत्तर पुन्हा देते. तेही फुकट जात नाही, कारण लोकपालाकडे जाताना हेच लेखी उत्तर जोडायचं असतं.

इर्डाच्या हातात काठी आहे का? आहे. विमा कायद्याच्या कलम १०२ खाली नियम मोडणाऱ्या कंपनीला मोठा दंड होऊ शकतो. पण तो दंड तुमच्या खिशात येत नाही, हे आधीच कळलेलं बरं.

‘लोकपाल कंपन्यांच्या पैशावर चालतो.’

हेही खरं, आणि यावर शंका घेणाऱ्याला मी वेड्यात काढणार नाही. लोकपाल कार्यालयांचा खर्च विमा कंपन्यांच्या वर्गणीतून भागतो. पण खर्च कोण करतं आणि नेमणूक कोण करतं या दोन गोष्टी निराळ्या. २०१७ च्या विमा लोकपाल नियमांनुसार लोकपाल निवडणाऱ्या समितीचं अध्यक्षपद इर्डाच्या अध्यक्षांकडे असतं. लोकपाल विमा क्षेत्रातून येतो, तसाच प्रशासकीय किंवा न्यायिक सेवेतूनही येतो. कंपनीला नको असलेला लोकपाल तिला हटवता येत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. पदं रिकामी राहतात. एक लोकपाल निवृत्त झाला की दुसरा येईपर्यंत तारखा लांबतात. नियमाप्रमाणे सगळे कागद पोचल्यापासून तीन महिन्यांत निवाडा व्हायला हवा, आणि खुर्ची रिकामी असताना त्या तीन महिन्यांना अर्थ उरत नाही. मेसेजकर्त्याने यावर ओरड केली असती तर मीही तो पुढे पाठवला असता.

‘वकील हवाच, खर्च फार, हेलपाटे फार.’

इथे मेसेज नेमका उलटा आहे. लोकपालाकडे वकील चालतच नाही. एजंटही नाही आणि ‘क्लेम मिळवून देणारा’ मध्यस्थही नाही. तक्रार पॉलिसीधारकाने स्वतः करायची, तो हयात नसेल तर वारसाने किंवा नॉमिनीने. फी शून्य. म्हणजे टक्केवारी मागणारा हा माणूस फार तर तुमचा अर्ज टाइप करून देईल. सुनावणीला बसायचं तुम्हालाच.

महाराष्ट्रात मुंबई, पुणे आणि ठाणे इथे लोकपालाची कार्यालयं आहेत. गोव्याची प्रकरणं पुण्याकडे जातात. तुम्ही राहता त्या भागाच्या किंवा कंपनीची शाखा आहे त्या भागाच्या कार्यालयात तक्रार चालते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ती ऑनलाइन करता येते आणि सुनावणी व्हिडिओवरही होते. त्यामुळे गडचिरोलीच्या माणसाने पुण्यातलं कार्यालय गाठायला नारायण पेठ शोधत फिरायची गरज उरलेली नाही.

‘आधीचा आजार लपवला’ हा शिक्का

सगळ्यात जास्त माणसं इथे हार मानतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

आमच्याकडे आलेलं एक प्रकरण. एका काकूंच्या नवऱ्याची बायपास झाली, कंपनीने क्लेम नाकारला. पत्रात कारण एका ओळीत: दहा वर्षांपासूनचा मधुमेह पॉलिसी घेताना भरलेल्या प्रपोजल फॉर्ममध्ये सांगितला नाही. पॉलिसी तेव्हा चार वर्षांची होती. काकू म्हणत होत्या, साखर निघाली त्यालाच तीन वर्षं झाली, दहा कुठून आली? हॉस्पिटलमधून इनडोअर केस पेपरच्या प्रती मागवल्या. रात्री दोनला, कॅज्युअल्टीत, ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरने लिहिलेल्या पहिल्याच पानावर ‘मधुमेह, १० वर्षे’ असं होतं. माहिती कुणी दिली त्या रकान्यात ‘नातेवाईक’. तो नातेवाईक म्हणजे गाडी घेऊन आलेला पुतण्या. त्याला काकांच्या साखरेबद्दल काय ठाऊक असणार? त्याच फाइलमध्ये तिसऱ्या दिवशी हृदयरोगतज्ज्ञाने स्वतः लिहिलेल्या नोंदीत ‘३ वर्षे’ होतं. कंपनीने पहिलं पान उचललं आणि पुढची उलटलीच नाहीत.

फॅमिली डॉक्टरकडून साखर पहिल्यांदा वाढलेली दिसली तो लॅब रिपोर्ट मिळवला. त्यावरची तारीख पॉलिसीनंतरची. उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं दोन ओळींचं पत्र घेतलं. सुनावणीत लोकपालांनी कंपनीच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला: या एका ओळीखेरीज दहा वर्षांचा दुसरा काही पुरावा आहे का? एखादं जुनं प्रिस्क्रिप्शन, एखादा जुना रिपोर्ट? नव्हता. आजार लपवला हे सिद्ध करायची जबाबदारी लपवल्याचा आरोप करणाऱ्यावर असते. निकाल काकूंच्या बाजूने लागला. त्या सुनावणीत त्या जेमतेम चार वाक्यं बोलल्या असतील.

असं दर वेळी होत नाही. खरोखर आजार लपवला असेल आणि जुन्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या कंपनीकडे असतील तर लोकपालही कंपनीलाच बरोबर ठरवतो, आणि ठरवायलाच हवं. पण शिक्का म्हणजे निकाल नव्हे. नियमही आता बदलले आहेत. आरोग्य विम्यात सलग ६० महिने पूर्ण झाले की लपवाछपवीच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही, अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. आयुर्विम्यात विमा कायद्याचं कलम ४५ आणखी कडक आहे: तीन वर्षांनंतर कोणत्याही कारणावरून पॉलिसीवर प्रश्न उठवता येत नाही. आणि २०२४ पासून आरोग्य विम्याचा क्लेम नाकारायचा तर कंपनीच्या आतल्या पुनर्विलोकन समितीची मंजुरी लागते, शिवाय पॉलिसीतल्या कोणत्या अटीखाली नाकारला ते पत्रात लिहावं लागतं. ‘अटी व शर्तींनुसार अमान्य’ एवढंच लिहिलेलं पत्र हातात पडलं, तर तक्रारीचा पहिला मुद्दा तिथेच मिळाला.

‘कंपनी निकाल मानत नाही.’

लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ३० दिवसांत अंमल करायचा. कंपनीला त्यावर अपिलाची सोय नाही. उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते, पण तिथे अख्खं प्रकरण पहिल्यापासून पुन्हा चालत नाही. आरोग्य विम्याच्या बाबतीत इर्डाने २०२४ मध्ये आणखी एक गोष्ट केली: मुदतीत अंमल न करणाऱ्या कंपनीने तक्रारदाराला दिवसाला ५,००० रुपये द्यायचे. हा पैसा मात्र तुमचा. ३० दिवस उलटले आणि खात्यात काही आलं नाही तर ‘बीमा भरोसा’वर पुन्हा जायचं, या वेळी निवाड्याची प्रत जोडून. पहिल्या मुद्द्यात फक्त तक्रार पुढे पाठवणारी वाटलेली इर्डा इथे कामाला येते.

‘लोकपालाकडे गेलात की ग्राहक न्यायालय बंद.’

पुन्हा उलटं. लोकपालाचा निकाल पटला नाही तर ग्राहक आयोगाचं, म्हणजेच ग्राहक न्यायालयाचं, दार तुम्हाला उघडंच असतं, कारण तो निकाल कंपनीला बांधतो, तुम्हाला नाही. बंद होतं ते दुसरं दार: आधी आयोगात किंवा कोर्टात केस टाकलीत तर त्याच विषयावर लोकपाल तक्रार घेत नाही. म्हणजे क्रम महत्त्वाचा. फुकटचा रस्ता आधी, खर्चाचा नंतर. फक्त एक सांभाळायचं. ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, आणि लोकपालाकडे प्रकरण असताना ती थांबून राहते असं गृहीत धरू नका.

थेट आयोगात जाणं शहाणपणाचं ठरेल अशी प्रकरणंही आहेत. लोकपाल ५० लाखांपर्यंतच देऊ शकतो (२०२३ पर्यंत ही मर्यादा ३० लाख होती). त्याहून मोठी रक्कम असेल तर तिथे थांबण्यात अर्थ नाही. मानसिक त्रासाची भरपाई हवी असेल तरी नाही, कारण लोकपाल प्रत्यक्ष नुकसानीपलीकडे देत नाही. देय तारखेपासूनचं व्याज मिळतं, तेवढंच. साक्षीदार, उलटतपासणी, बनावट सहीचा वाद असलं काही असेल तर ते लोकपालाच्या छोट्या सुनावणीत मावत नाही.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट

लोकांची प्रकरणं लोकपालाकडे दाखल होण्याआधीच बाद होतात ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. क्लेम नाकारल्याचं पत्र आलं की माणूस फोन करतो, एजंटला गाठतो, शाखेत जाऊन भांडतो, पण कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी काहीच पाठवत नाही. नियमाप्रमाणे आधी कंपनीकडे लेखी तक्रार हवी. ती तिने फेटाळली, अपुरं उत्तर दिलं, किंवा महिनाभरात उत्तरच दिलं नाही, की मग लोकपाल. तिथून पुढे एक वर्षाची मुदत. सबळ कारण असेल तर उशीर माफ करायचा अधिकार लोकपालाला आहे, पण तो त्याच्या मर्जीवर. ई-मेल केलात तरी लेखीच धरतात. पाठवल्याची तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवा, कुरियर केलं असेल तर पावती ठेवा. शाखेत हातोहात अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.

राहता राहिला तळाचा मोबाइल नंबर. आमच्याकडच्या एकाने तो लावला. पलीकडच्याने आधी पॉलिसी नंबर विचारला, मग जन्मतारीख, मग ‘इर्डाच्या ऑफिसातून बोनस रिलीज करायचाय’ म्हणून प्रोसेसिंग फी मागितली. इर्डा कुणालाही फोन करून बोनस देत नाही, पॉलिसी विकत नाही आणि क्लेमही सोडवून देत नाही. असा फोन आलाच तर नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.