किरणोत्सर्गी आंबा की विकिरणित आंबा?

लासलगावच्या आमच्या कट्ट्यावर परवा वाद पेटला तो एका शब्दावरून. एका दैनिकाने किरणांची प्रक्रिया करून अमेरिकेला निघालेल्या हापूसला मथळ्यात 'किरणोत्सर्गी आंबा' म्हटले होते आणि भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांचा त्यावर संताप झाला होता. त्यांचे म्हणणे असे की, कोबाल्ट-60 मधून निघणारे गॅमा किरण फळातून आरपार जातात, पण त्यामुळे फळ स्वतः किरण सोडू लागत नाही. "एक्स-रे काढून आलेला माणूस रात्री घरात चमकतो का?" असे विचारून त्यांनी 'विकिरणित', म्हणजे किरण दिलेला, हा नेमका शब्द सुचवला.

वार्ताहर मित्राने मथळा आम्ही देत नाही, तो कार्यालयातल्या संपादकीय डेस्कवर बसतो, असा नेहमीचा बचाव केला. 2007 मध्ये अमेरिकेने आपल्या आंब्याला दार उघडले, तेव्हाही बातम्यांत गाजली ती बदल्यात येणारी हार्ले-डेव्हिडसन. कोयीतल्या भुंग्याची पैदास थांबवण्यासाठी लागणारी किरणांची 400 ग्रे (ग्रे हे या मात्रेचे एकक) मात्रा वाचायला कोण थांबणार, असे तो म्हणाला. (मलाही त्या बातम्यांतली मोटारसायकलच आठवते, हे कबूल करतो.)

कांद्याचा व्यापार करणारे तात्या मात्र दोघांवरही उखडले. भीती घालणारी बातमी निदान एका दिवसात शिळी होते, पण भाभा अणुसंशोधन केंद्राचे शेतमालाला किरण देणारे 'कृषक' केंद्र 2002 मध्ये आपल्या गावात उभे राहिल्यापासून 'आता कांदा सडणार नाही' ही बातमी आपण कितीदा वाचली, असा त्यांचा सवाल होता. किरणांनी कोंब फुटणे थांबते, सड थांबत नाही. नीट न सुकवलेला ओला माल चाळीत भरला, तर तो किरण देऊनही सडणारच. हा फरक न सांगता छापलेले कौतुक वाचून शेतकरी विसंबला, तर नुकसान कोणाचे?

मला तात्यांचे म्हणणे अधिक पटले, कारण चुकीचा शब्द सर दुरुस्त करू शकतात. अर्धवट कौतुक खोडायला मात्र कोणी येत नाही.

"पुढच्या बातमीत यंदा किती टन कांदा त्या केंद्रातून गेला, तेवढे विचारून छाप," असे तात्यांनी वार्ताहराला बजावले.

"तो आकडा प्रेसनोटमध्ये नसतो," तो म्हणाला.