फॉर्म मंजूर झाला म्हणजे धुतल्या तांदळासारखा? कुणी सांगितलं राव

विधानसभेच्या वेळी आपल्या कोल्हापुरातल्या सगळ्या ग्रुपवर फिरलेला तो मेसेज आता परत फिरायला लागलाय, आमच्या गावच्या ग्रुपवर तर एका दिवसात चौघांनी टाकला. त्यात काय म्हटलंय तर उमेदवाराची मागची अंडीपिल्ली काढत बसू नका, फॉर्म मंजूर झालाय म्हणजे सगळं तपासलेलं असतंय, केस असती तर उभंच राहता आलं नसतं, ॲफिडेव्हिट नुसता कागद, परगावच्या माणसाला इथं उभं राहता येत नाही, कमी शिकलेला आमदार होऊन काय दिवे लावणार, आपला गडी आला की एफआरपी (कारखान्यानं उसाला द्यायचा किमान दर) वाढवून आणणार, आणि कोणीच पटलं नाही तर नोटा दाबा, नोटा पहिला आला की परत इलेक्शन. खाली हात जोडलेले आठ-दहा इमोजी. मी कुठल्या पक्षाचा नाही, दोन निवडणुकांत फॉर्म भरायला मदत केलीय एवढंच, पण हे वाचून गप बसवेना.

पहिलं ते फॉर्मचं. छाननीला अधिकारी बघतो काय, तर वय २५ पूर्ण आहे का, मतदार यादीत नाव आहे का, सूचकाच्या सह्या आहेत का (मान्यताप्राप्त पक्षाला एक पुरतो, अपक्षाला दहा लागतात), डिपॉझिट भरलंय का, ॲफिडेव्हिटचे रकाने रिकामे सोडलेत का. रकाना कोरा ठेवला आणि नोटीस देऊनही भरला नाही तर फॉर्म उडतो, हे सुप्रीम कोर्टानं २०१३ ला सांगितलंय. पण भरलेलं खरं की खोटं ह्याची चौकशी तिथं होत नाही. तुमची जमीन मोजायला कोण शेतात येत नाही. म्हणजे मंजूर म्हणजे कागद पूर्ण, बास.

केसचं तर मेसेजवाल्यानं उलटंच करून ठेवलंय. नुसती केस चालू असली म्हणून कुणी अपात्र होत नाही, शिक्षा व्हावी लागते, साधारण दोन वर्षं किंवा जास्त (काही गुन्ह्यांना त्याहून कमी शिक्षाही पुरते), मग शिक्षेचा काळ आणि सुटल्यावर पुढची सहा वर्षं उभं राहता येत नाही. म्हणून तर केसेस असलेले राजरोस उभे राहतात. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर अशा उमेदवाराला स्वतःच्या केसेसची जाहिरात पेपरात आणि टीव्हीवर तीन-तीन वेळा द्यावी लागते, आणि २०२० पासून पक्षालाही लिहून द्यावं लागतं की स्वच्छ माणूस सोडून ह्यालाच का घेतला, आणि नुसतं निवडून येतोय म्हणून घेतला हे कारण चालत नाही. ती जाहिरात पेपरात कुठल्या कोपऱ्यात किती बारीक टायपात येते ते तुम्हीच शोधा.

पण इथं एक गोष्ट आपल्या भागात जास्त लागू पडते, म्हणून जरा लांबड लावतो. आपल्याकडं ऊस आंदोलनात फिरलेल्या माणसाच्या ॲफिडेव्हिटला दहा-पंधरा केसेस सहज असतात, आणि विरोधक त्याचाच आकडा काढून पोस्टर करतेत की बघा हा गुंड. आकडा बघू नका, कलम बघा. जुन्या आयपीसीचं १४३ म्हणजे बेकायदा जमाव, ३४१ म्हणजे वाट अडवली, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं ३७ नि १३५ म्हणजे जमावबंदी मोडली, असल्या केसेस म्हणजे हायवेवर ट्रॅक्टर आडवा लावलेला असतोय. ४२० किंवा ४०९ दिसलं तर मात्र थांबा, फसवणूक आणि विश्वासघाताची कलमं आहेत ती, पतसंस्था-बँकांच्या भानगडीत हीच येतात. जुलै २०२४ पासून आयपीसीच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत नंबर बदललेत, ४२० चं ३१८(४) झालंय, ४०९ चं ३१६(५), १४३ चं १८९(२), तेव्हा ४२० दिसत नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. एका केसवाला दहा केसवाल्यापेक्षा वाईट असू शकतोय.

ॲफिडेव्हिट नुसता कागद? त्यात पाच वर्षांचं इन्कम टॅक्सला दाखवलेलं उत्पन्न असतं, बायकोचं पण, जमीन गट नंबरासकट, सोनं, कर्ज, सरकारी ठेके, शिक्षण कुठं नि कधी झालं ते. खोटं लिहिलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. आणि कुणालाही त्याच्या विरोधात उलट ॲफिडेव्हिट अधिकाऱ्याकडं देता येतंय, तेही लावलं जातं. फक्त एक लक्षात ठेवा, उमेदवाराच्या ॲफिडेव्हिटमध्ये त्याची स्वतःची, बायकोची आणि अवलंबून असलेल्यांचीच मालमत्ता येते. कमावत्या पोराची येत नाही. आणि तो ज्या कारखान्याचा चेअरमन आहे त्या कारखान्याचं कर्ज तिथं दिसणार नाही, ते कारखान्याच्या वार्षिक अहवालात, जो सभासद म्हणून आपल्या घरी येतो आणि आपण भजी गुंडाळायला वापरतो.

परगावचा उभा राहू शकत नाही हे साफ खोटं. राज्यात कुठल्याही विधानसभा मतदारसंघाच्या यादीत नाव असलं की झालं. एन. डी. पाटील सर सांगली जिल्ह्यातल्या ढवळीचे, १९८५ ला कोल्हापुरातनं निवडून गेले, त्यांना कोण परका म्हणणार? आणि शिक्षणाची तर अटच नाही. वसंतदादा पाटलांचं शिक्षण शाळेतच थांबलेलं, आणि मुख्यमंत्री असताना १९८३ ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजं काढायला परवानगी दिली ती त्यांनीच. तो निर्णय बरा की वाईट ह्यावर भांडा, पण ज्यांची पोरं त्या कॉलेजांतनं बाहेर पडली त्यांनी तरी अडाणी अडाणी करू नये.

आता एफआरपी. ही केंद्र सरकार ठरवतं, आमदाराचा बाप आला तरी मुंबईत बसून एक रुपया वाढत नाही. २०२५-२६ ला १०.२५ टक्के रिकव्हरीला (उसातनं निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) टनाला ३,५५० रुपये, पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला क्विंटलमागं ३.४६ जादा, आणि त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. हे दिल्लीत ठरतं. पण म्हणून आमदाराला उसावर काही विचारायचंच नाही असं नाही, उलट खरं विचारायचं इथंच आहे. राज्यानं फेब्रुवारी २०२२ ला जीआर काढून एफआरपी दोन तुकड्यांत द्यायला मुभा दिली, मार्च २०२५ ला हायकोर्टानं तो रद्द केला. तो जीआर राज्याचा होता! तेव्हा तुमचा आमदार सभागृहात काय बोलला? १४ दिवसांत पैसे नाही दिले तर १५ टक्के व्याज हे कायद्यात आहे, ते किती जणांना मिळालं? थकवणाऱ्या कारखान्यावर साखर आयुक्त जप्तीची आरआरसी (महसुली वसुलीचा दाखला) काढतात, पुढं वसुली कलेक्टर ऑफिसातनं, ती का रखडते? वजनकाटा तपासणारं वैधमापन खातं राज्याचं, काटामारीवर तो काय करणार? उमेदवार स्वतःच कारखानदार असला की ह्यातला एकही प्रश्न त्याला आवडत नाही, चेहरा बघा फक्त.

आपल्याकडं पूर येतो म्हणून कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढू देणार नाही, ही प्रचारातली गर्जना पण तसलीच. ५२४.२५६ मीटरची परवानगी कृष्णा पाणीवाटप लवादानं २०१० ला दिलीय, पुढचं भांडण राज्य सरकार, केंद्र आणि सुप्रीम कोर्टात. आमदार फार तर आपल्या सरकारला टोचू शकतो. टोचतो का, ते विचारा.

नोटाचं कुठनं आलं ते मला माहितीय. २०१८ ला राज्य निवडणूक आयोगानं नगरपालिका-महापालिकांसाठी ठरवलं की नोटा पहिला आला तर फेरनिवडणूक. ते खरंय. पण विधानसभा घेतो तो भारत निवडणूक आयोग, तिथं नोटाला कितीही पडू देत, उरलेल्यांत जास्त मतं ज्याची तो आमदार. आयोग दोन आहेत हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीच नाही.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं तर तात्यांचा, म्हणजे ज्यांनी सकाळी सकाळी पहिला मेसेज टाकलेला त्यांचा, फोन आला. म्हटले ते ॲफिडेव्हिट कुठं बघायचं, दाखव. निवडणूक आयोगाच्या साईटवर उघडून दिलं. तात्यांनी जमीन सोडली, केसेस सोडल्या, सरळ वाहनाच्या रकान्यावर बोट ठेवलं, तिथं लिहिलेलं 'निरंक'. तात्या बराच वेळ बघत बसले आणि म्हटले, "आरं, मग गल्लीत लावलेली ती पांढरी गाडी कुणाची?"