सिप बंद करून हरवलेला कंपायलर सापडत नाही

मॅकओएसची नवी आवृत्ती घेतल्यावर सी++ चे प्रोग्राम कंपाइल (संगणकाला चालवता येईल अशा रूपात रूपांतरित) होईनासे झाले, तर करायचे ‘पाच रामबाण उपाय’ सांगणारा एक संदेश गोव्यातल्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरत आहे. डिचोलीची माझी भाची त्यातला पहिलाच उपाय करायला निघाली होती, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

पहिला उपाय असा की रिकव्हरीत, म्हणजे मॅकच्या दुरुस्तीच्या मोडमध्ये, जाऊन सिस्टिमच्या फाइलींना हात लावू न देणारे सिस्टिम इंटिग्रिटी प्रोटेक्शन, म्हणजे सिप, बंद करावे. दुसरा असा की मग ‘यूएसआर’ या सिस्टिमच्या फोल्डरमध्ये ‘इन्क्लूड’ फोल्डर करून मित्राच्या जुन्या मॅकवरच्या हेडर फाइली (कंपायलरला लागणाऱ्या तयार घोषणांच्या फाइली) त्यात टाकाव्यात. पहिला धोका पत्करायचा तो दुसऱ्यासाठी, आणि दुसरा तर साधतच नाही. 2019 च्या कॅटालिनापासून सिस्टिम व्हॉल्यूम, म्हणजे डिस्कवरचा सिस्टिमचा भाग, केवळ वाचण्यापुरता जोडलेला असतो आणि 2020 च्या बिग सरपासून तो सीलबंदही असतो. त्यामुळे सिप बंद करूनही टर्मिनल ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ असेच सुनावते. म्हणजे 2015 पासून मिळत आलेले संरक्षण गेले आणि कंपायलर होता तिथेच राहिला! मुळात हेडरची जागा ॲपलनेच बदलली आहे. कमांड लाइन टूल्स (ज्यात कंपायलर येतो तो ॲपलचा संच) हेडर एसडीके या ॲपलच्या विकाससंचात शोधतात आणि जुन्या जागी ती बसवणारे पॅकेज पुढे मिळणार नाही, हे एक्सकोड या ॲपलच्या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरच्या 10 व्या आवृत्तीच्या अधिकृत टिपणात 2018 सालीच लिहिलेले आहे.

भाचीच्या पडद्यावरचा एरर होता ‘इनव्हॅलिड ॲक्टिव्ह डेव्हलपर पाथ’. टूल्स ठरलेल्या जागी सापडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. मोठ्या अपडेटनंतर असे होते आणि टर्मिनलमध्ये ‘एक्सकोड-सिलेक्ट --इन्स्टॉल’ ही एक कमांड दिली की बहुधा भागते.

तिसरा उपाय अख्खे एक्सकोड घेण्याचा. आयफोनची ॲप लिहिणाऱ्यांना ते लागते, पण लिंक्ड लिस्टच्या असाइनमेंटसाठी, तेही ऐन पावसात वीज ये-जा करत असताना, कित्येक जीबी उतरवत बसणे हा निव्वळ अतिरेक आहे. चौथा, सगळ्या फोल्डरांना 777 परवानगी (कुणीही वाचावे, बदलावे, चालवावे अशी) देण्याचा, चर्चेच्याही लायकीचा नाही. पाचव्यात मात्र तथ्य आहे, हे मान्य करावे लागते: ती कमांड टूल्स आधीच असल्याचे सांगत असूनही एरर येत राहिला, तर ‘लायब्ररी/डेव्हलपर’मधले ‘कमांडलाइनटूल्स’ फोल्डर, आणि फक्त तेवढेच, काढून टूल्स पुन्हा बसवावीत.

त्यानंतरही ‘बिट्स/एसटीडीसी++.एच’ सापडत नसेल, तर तो दोष अपडेटचा नाही. ते हेडर जीसीसी या दुसऱ्या कंपायलरचे आहे, सी++ च्या स्टँडर्डमधले नव्हे, आणि मॅकवर ‘जी++’ टाइप केले तरी चालतो तो ॲपलचा क्लँग कंपायलर. ‘आयओस्ट्रीम’, ‘व्हेक्टर’ अशी लागतील ती हेडर वेगवेगळी लिहावीत, नाहीतर होमब्रू या सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनावरून खरा जीसीसी बसवावा. त्यासाठीही सिपला हात लावावा लागत नाही.