राजाचं प्रेम आणि बापूचा पुतण्या

"राजा असावा तर तुकोजीराव होळकरांसारखा!" कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ग्लास उंचावत बापू म्हणाला. इंदूरच्या या राजाच्या प्रेमाची रील त्यानं सकाळपासून सगळ्यांना पाठवली होती. "अमेरिकेची पोरगी, नॅन्सी मिलर. तिच्यासाठी गादी सोडली गड्यानं!"

"तिच्यासाठी न्हाई रं," वकील म्हणाला. "गादी १९२६ला सोडली, बावला खुनाच्या चौकशीला तोंड द्यायला नको म्हणून. नॅन्सीशी लग्न १९२८ला."

"दोन वर्षं इकडं तिकडं. प्रेमाला कॅलेंडर असतंय व्हय?"

"वर्गणीलाबी नसतंय तुझ्या," दाजी म्हणाला. गणपतीची वर्गणी निघाली आणि दहा मिनिटं त्यातच गेली. मंडप कुणी अर्धा सोडला, ट्रॅक्टरचं डिझेल कुणी भरलं, सगळं उकरून झालं.

सुनंदाताई दुधाची किटली घेऊन उभ्या होत्या. आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या, त्यामुळं त्या बोलल्या की बापूसुद्धा सरळ बसतो.

"नॅन्सीचं झालं, त्या मुमताजचं कोण बोलणार?" त्या म्हणाल्या. "दरबारातली नर्तकी. होळकरांना सोडून मुंबईला गेली. जानेवारी १९२५ला मलबार हिलवर मोटार अडवून तिला उचलून न्यायला माणसं आली. तिच्यासोबतचा अब्दुल कादर बावला गोळ्या लागून मेला. तिच्या तोंडावर वार झाले. गोल्फ खेळून परतणारे गोरे अधिकारी मध्ये पडले म्हणून ती वाचली. बापू, ज्या बाईला 'नको' म्हणून निघून जाता येत नाही, तिच्या गोष्टीला प्रेमकहाणी म्हणू नकोस."

बापू गप्प. पण गप्प राहिला तर तो बापू कसला! "पर नॅन्सीला मान दिला की! आपल्या करवीर पीठाच्या शंकराचार्यांनी, डॉ. कुर्तकोटींनी नाशकात तिची शुद्धी करून हिंदू केलं. धनगर समाजात घेतलं, शर्मिष्ठादेवी केलं."

"केलं, कारण दारात राजा उभा होता," ताई म्हणाल्या. "आणि राजा असूनही कधी कधी भागत नाही. बाजीराव काय लहान माणूस होता? मस्तानीच्या पोराची मुंज होऊ दिली नाही पुण्यात. तोच समशेर बहादूर १७६१ला पानिपतावर लढला, तेव्हा मात्र त्याची जात कुणी विचारली नाही."

कट्टा शांत झाला. मला वाटतं, या सगळ्या राजेरजवाड्यांच्या प्रेमापेक्षा आपल्या शाहू महाराजांचा १९१९चा आंतरजातीय लग्नाचा कायदा कैक पटीनं मोठा. साध्या माणसासाठी केलेला. शिवाय सुरुवात घरातून: कागलच्या घाटग्यांची चंद्रप्रभाबाई त्यांनी होळकरांच्या यशवंतरावांना द्यायची ठरवली, मराठ्यांची लेक धनगरांच्या घरी. महाराज १९२२ला गेले, लग्न १९२४ला झालं. बापूच्या तुकोजीरावांचीच ती सून. मी हे सांगितलं.

"महाराजांची गोष्ट येगळी," बापू म्हणाला. अडचणीत आला की त्याचं हे ठरलेलं वाक्य.

"व्हय, येगळी," दाजीनं डाव साधला. "तुझ्या पुतण्यानं जातीबाहेर लगीन केलं, तवा तू खोलीला कडी लावून बसला हुतास."

"पाठ धरली हुती माझी!"

"नॅन्सीच्या लग्नाला बरा उठला असतास," ताई म्हणाल्या. "रविवारी त्याच्या पोराचं जावळ आहे. मलाही बोलावलंय. तुला?"

"बोलावलंय की. बघू."

"बघू न्हाई. येणार का न्हाई?" वकिलानं धरलंच.

बापूनं मिशीवरचा फेस पुसला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मग हळूच दाजीला विचारलं, "बोकड कापणार हायत न्हवं?"

दाजीच्या तोंडातलं दूध वकिलाच्या शर्टावर गेलं. ताई किटली खाली ठेवून हसत होत्या. म्हशीवाला ओरडला, "हसा निवांत, पर मागल्या आठवड्याचं पैसं कोण देणार?" आणि बापू सगळ्यात आधी चप्पल शोधायला लागला.