सिरपूरच्या काठावर झाडं का नकोत आणि मुलं का हवीत

काका, नमस्कार. आमचा गट कुटुंबांना मुलांसह इंदूरच्या सिरपूर तळ्यावर नेतो, त्यावर "पोरंबाळं तळ्यावर फिरवायची, सेव-पोहे खायचे आणि त्याला संवर्धन म्हणायचं! त्यापेक्षा काठावर शंभर झाडं लावा," असं तुम्ही लिहिलंत. कळकळीनंच लिहिलंत, म्हणून सविस्तर उत्तर.

आधी झाडांचं. सिरपूरचा काठ उघडा दिसतो, पण तो ओसाड नाही. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्येच अंडी घालते. बहुधा चार, निमुळती टोकं आत वळलेली. मातकट रंगावर काळे डाग, त्यामुळे दोन पावलांवरूनही दिसत नाहीत. तिथं खड्डे खणायला माणसं उतरली की अंडी पायाखाली जातात. रोपं मोठी झाली की कावळ्यांना टेहळणीला आयती फांदी मिळते. मातीच्या पाळीवर तर झाड नकोच. मुळं कुजली की त्याच वाटेनं पाणी झिरपू लागतं.

हात चालवायचेच असतील तर बेशरम हे काठावर माजणारं तण काढा. मे महिन्यात पाणी उतरल्यावर, कुदळीनं, मुळासकट. कोयत्यानं छाटून तिथंच टाकली तर ओल्या चिखलात तिच्या तुकड्यांना मुळं फुटतात आणि पावसाळ्यानंतर पहिल्यापेक्षा दाट रान उभं राहतं. काढलेली पाण्यापासून लांब नेऊन पूर्ण वाळवायची. चीक अंगाला लागतो, म्हणून हातमोजे हवेत आणि हे काम फक्त मोठ्यांनी करायचं.

आता मुलांचं. सिरपूर २०२२मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आलं. त्यामागे इंदूरचे छायाचित्रकार भालू मोंढे यांच्यासारख्यांची कित्येक वर्षांची राखण आहे. आपला गट काही तळं विकत घेऊ शकत नाही. हातात आहेत ते २०१७चे पाणथळ जागांचे नियम. नियम लागू झाले त्याआधीच्या दहा वर्षांतल्या उच्च पूरपातळीची सरासरी काढायची आणि त्या रेषेपासून ५० मीटरच्या आत, बोटीचा धक्का सोडून, पक्कं बांधकाम करायचं नाही, असं ते सांगतात. पण पाणी कुठवर चढलं होतं यावरच वाद होतो, आणि उन्हाळ्यात जागा पाहायला आलेल्याला कोरडी जमीनच दिसते.

म्हणून प्रत्येक कुटुंबाला एक ठरलेली जागा. ऑगस्ट-सप्टेंबरात दर रविवारी त्याच दगडावरून, त्याच दिशेनं फोटो. चौकटीत न हलणारी एखादी खूण हवीच, खांब किंवा भिंतीचा कोपरा. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवायचं आणि मूळ फोटो जपायचा, कारण व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातली वेळ-जागेची नोंद निघून जाते. वहीत तारीख आणि खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर, टेपनं मोजून. मोठ्यांनी टेप धरायची, मुलांनी आकडा लिहायचा. स्वयंसेवक येतात-जातात, पण आज आठ वर्षांची असलेली मुलगी अठराची होईपर्यंत दहा पावसाळ्यांची वही तयार होते.

लहानांना दुर्बीण देत नाही. दोन डोळ्यांतलं अंतर कमी, त्यामुळे त्यांना बहुतेक दुर्बिणींतून धड दिसतच नाही आणि ती कंटाळतात. त्यापेक्षा दहा मिनिटं एका जागी बसून वारकरी (कूट) पक्षी मोजणं त्यांना जमतं.

खाण्याबद्दल तुमच्याशी सहमत. खाणं गेटाबाहेरच, आणि पक्ष्यांना सेव टाकणं साफ बंद. तेल-मीठ त्यांना बाधतं, उरलेलं पाण्यात कुजतं.

तुम्ही त्याच भागात राहता असं लिहिलंय. जुन्या पावसाळ्यातले तळ्याचे फोटो घरी असतील तर मागं साल लिहून द्याल का? निदान महिना आठवला तरी चालेल.