वड उतरला शिरवळला

शाळेतलं माझं निसर्गचित्र ठरलेलं असायचं. दोन त्रिकोणी डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, एक झोपडी आणि आभाळात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. रंगवायचं तेलखडूंनी. तेलखडू मेणचट असतात, लावाल तिथे गुमान चिकटून बसतात. चाळिशीत हौस उफाळून आली आणि क्लास लावला, तेव्हा बाईंनी सॉफ्ट पेस्टल हातात ठेवले. नाव सॉफ्ट, पण वागणूक सासुरवाडीच्या पाहुण्यासारखी. कांडी म्हणजे जवळजवळ नुसती रंगाची भुकटी, जेमतेम धरून राहील एवढाच डिंक. कागदही खरखरीत लागतो, नाहीतर रंग धरतच नाही. वर उडालेल्या भुकटीवर फुंकर मारायची नाही, ती नाकात जाते. कागद उभा धरून मागून टिचकी मारायची. मी टिचकी मारली की हिरवा रंग थेट मांडीवर.

परवाच्या रविवारी वाईजवळ रस्त्याकडेच्या एका वडासमोर बसलो. चोवीस कांड्यांच्या डबीत हिरवे चार, आणि चारांपैकी एकही वडाचा नाही. एक पोपटाचा, एक बसच्या सीटचा. बाईंचं सांगणं होतं की आधी गडद जांभळा लावा, त्यावर हिरवा चढवा, उजेड शेवटी. मी जांभळा लावला, हिरवा चढवला आणि नको तो मोह झाला. बोटाने चोळलं. पेस्टलमध्ये बोटाने चोळणं म्हणजे भेळेवर पाणी ओतणं. वडाचा ढग झाला.

शेळ्या घेऊन निघालेले एक आजोबा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघितलं.

"धुकं कशापायी काढलंय? ऊन तर फकफकीत पडलंय."

"झाड आहे ते, आजोबा."

"आसं व्हय." पुन्हा शांतता. "मग मधनं आभाळ न्हाई का दिसत? त्यात बघा की."

क्लासची अडीच हजार फी भरून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते शेळ्या राखता राखता फुकट मिळालं. मी उत्साहाने वडात आभाळाचे निळे ठिपके दिले. वडाला निळी फळं लागली. पानांमधून दिसणारं आभाळ मोकळ्या आभाळापेक्षा जरा मळकट लावायचं असतं, हे आठवलं तेव्हा शेळ्या निघून गेल्या होत्या. मग ठिपक्यांवर राखाडी फिरवला, कांडी मोडली, तुकडा आडवा धरून घासला आणि काय सांगू, वड दिसायला लागला! पारंब्यांसकट!

चित्रावर अंथरायचा बटर पेपर घरीच राहिला होता. फिक्सेटिव्ह, म्हणजे रंग पक्का बसवायचा फवारा, मी मुद्दामच मारत नाही, त्याने रंग काळवंडतात आणि माझ्या दुपारची तिन्हीसांज होते. तर बोर्ड छातीशी धरून स्वारगेटच्या एसटीत उभा राहिलो. गर्दी अशी की पाय कुणाचा ते कळेना. खंबाटकीच्या वळणांवर सगळी बस एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.

शिरवळला माझ्या पुढ्यातले गृहस्थ उतरले. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि पाठीवर अख्खा वड. पारंब्या, राखाडी आभाळ, सगळं जागच्या जागी, फक्त डावं-उजवं उलट. खरं सांगतो, कागदावर होता त्याहून बरा. हाक मारावी असं वाटलं, पण काय म्हणून मारणार? ते रस्ता ओलांडून रसवंतीत शिरले. माझ्या हातात उरला ढग.